खडेमीठ घेऊन नायेरींच्या डोंगरात

मंगळवार. ग्वादालाहारा ते तेपिक

ईस्टरच्या आठवड्यात अख्खं मेक्सिको समुद्राकडे धावतं. आम्ही दोघं यंदा डोंगराकडे निघालो. बायकोच्या शाळेतल्या एका सहकारी बाईंचे ओळखीचे शिक्षक नायारच्या डोंगरात राहतात, तिथल्या द्विभाषिक शाळेत शिकवतात. दोन वर्षं त्यांच्याशी फोनवर बोलणं चाललं होतं. शेवटी त्यांनीच म्हटलं, "या. पण फोटो काढायला येणार असाल तर येऊ नका." आणि मग, "येताना दोन किलो खडेमीठ आणा, किनाऱ्यावरच्या मिठागरातलं. आईला दुकानातलं बारीक मीठ चालत नाही."

ज्या आदिवासींकडे चाललो होतो त्यांना बाहेरचं जग 'कोरा' म्हणतं. ते स्वतःला नायेरी म्हणतात. नायारित हे राज्याचं नावही त्यांच्याच एका जुन्या राजाचं.

तेपिकपर्यंतचा रस्ता सोपा आहे. तेकीलाची निळसर घायपाताची शेतं संपली की सेबोरुको ज्वालामुखीचा काळा लाव्हा लागतो. १८७० सालचा तो उद्रेक. रस्ता सरळ त्या लाव्ह्यातून कापून नेलाय. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर वाढलेल्या माणसाला हा दगड ओळखीचा वाटला, फक्त आपला सहा-साडेसहा कोटी वर्षांचा आणि हा माझ्या खापरपणजोबांच्या काळातला. नायारितमध्ये शिरल्यावर घड्याळ एक तास मागे न्यावं लागतं.

दुपार तेपिकच्या प्रादेशिक संग्रहालयात काढली. उभ्या खड्ड्यासारख्या थडग्यांमधून निघालेल्या, दोनेक हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या बाहुल्या तिथे आहेत. ढोल वाजवणारा, बाळाला घेतलेली बाई, पाटीवर टेकलेला म्हातारा. संध्याकाळी बाजारात मीठ शोधलं. टपोरं, किंचित करडं, ओलसर. बाईंनी कागदाच्या पिशवीत भरून दिलं.

तेपिकला आल्यावर मानुएल लोसादाची आठवण टाळता येत नाही. 'आलिकाचा वाघ' म्हणत त्याला. १८५६च्या कायद्याने गावांच्या सामाईक जमिनींचे तुकडे पाडून विकणं सुरू झालं, तेव्हा कोरा आणि त्यांचे शेजारी आदिवासी विचोल त्याच्या मागे उभे राहिले. वीसेक वर्षं हा सगळा मुलूख मेक्सिकोच्या सरकारला दाद देत नव्हता. जानेवारी १८७३मध्ये तो ग्वादालाहारावर चालून गेला, शहराच्या तोंडाशी हरला, आणि त्याच वर्षी १९ जुलैला त्याला तेपिकजवळ गोळ्या घातल्या. इथल्या चौकांत त्याला कोणी दरोडेखोर म्हणतं, कोणी जमिनीचा कैवारी. मी दुसऱ्या बाजूचा आहे.

बुधवार. खाली, वर, पुन्हा खाली

सकाळी आधी किनारपट्टीकडे उतरावं लागतं. रुईस गावाच्या अलीकडे आंब्याच्या बागा सुरू झाल्या आणि बायकोने गाडी थांबवायला लावली. आंबा इथे आला तो मनिलाहून पॅसिफिक ओलांडणाऱ्या स्पॅनिश जहाजांतून, आणि मनिलाला पोचला तो आपल्याकडून. बागा अजून हिरव्या होत्या, पण रस्त्याकडेला कैरीच्या फोडी मीठ-तिखट लावून विकायला होत्या. वर लिंबू पिळलेलं. पहिल्या फोडीला आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. बोलण्यासारखं काही नव्हतंच.

रुईसवरून रस्ता पूर्वेला वळतो, सान पेद्रो नदी ओलांडतो आणि चढायला लागतो. आधी काटेरी झुडपं, मग ओक, मग पाइन. वर गार वारा, आणि एका बाजूला दरी अशी की आपण बोलायचं थांबतो. घाटमाथ्यावरून पुन्हा उतरण लागते. हेसूस मारिआ हे गाव खोल दरीत, त्याच नावाच्या नदीच्या काठी आहे. एल नायार तालुक्याचं हे मुख्य ठिकाण. खाली उतरलो तेव्हा उकाड्याने श्वास जड झाला होता. एप्रिलमध्ये पारा इथे चाळिशी सहज ओलांडतो.

गुरुजी रस्त्यावरच उभे होते. (स्पॅनिशमध्ये त्यांना सगळे माएस्त्रो म्हणतात. आमच्या तोंडात पहिल्या दिवसापासून गुरुजीच बसलं.) त्यांनी विचारलं, "कुठून आलात?" मी म्हटलं, "तेपिकहून." ते हसले. "ते ठाऊक आहे. पण आमच्या भाषेत असं नुसतं 'आलो' म्हणता येत नाही. उतारावरून खाली आलात, की चढून वर आलात, की डोंगराच्या कडेने आडवे आलात, ते सांगावं लागतं."

ही गोष्ट मी आधी वाचली होती. भाषाशास्त्रज्ञांनी नायेरी भाषेवर बरंच लिहिलंय ते मुख्यतः याच कारणासाठी. आझ्तेकांच्या नाहुआत्लच्या नात्यातली ही भाषा, सख्खी बहीण विचोल. वस्तू उताराच्या वरच्या अंगाला आहे की पायथ्याशी, आत आहे की बाहेरच्या पृष्ठावर, हे छोट्या छोट्या प्रत्ययांनी सतत सांगितलं जातं. २०२०च्या जनगणनेत ही भाषा बोलणारे सुमारे ३३ हजार होते. पुस्तकात वाचताना ते व्याकरण वाटलं होतं. दरीच्या तळाशी उभं राहून ऐकताना ते डोळ्यांना दिसत होतं. माझी आजी अकोले तालुक्यातल्या वरच्या अंगाच्या वाडीतली. "खालत्या आळीला गेलीय", "वरल्या रानात हाये" याशिवाय तिला माणसाचा पत्ता सांगता यायचा नाही.

मिठाची पिशवी गुरुजींच्या आईच्या हातात दिली. म्हातारीने दोन खडे जिभेवर ठेवले, मान डोलावली आणि पिशवी उंच फळीवर ठेवून दिली.

मग परवानगी. पारंपरिक पंचायतीचा प्रमुख, त्याला गोबेर्नादोर म्हणतात, अधिकाराची काठी घेऊन सहकाऱ्यांसह बाकावर बसला होता. ही पदं दरवर्षी बदलतात, पगार नाही, उलट घरातलं खर्च होतं. त्याने आम्हाला तीन गोष्टी सांगितल्या. फोटो नाही. आवाज टिपणं नाही. आणि उद्यापासून गावात हुकूम त्याचाही नाही. आम्ही दोघांनी फोन बंद करून गुरुजींच्या ट्रंकेत टाकले. म्हणून या लेखात एकही फोटो नाही, आणि जे लिहितोय ते आठवणीतून.

रात्री बासरी आणि ढोल सुरू झाले. तोच एक छोटा सूर, पुन्हा पुन्हा. शनिवारपर्यंत तो थांबला असं मला आठवत नाही.

गुरुवार. काळे

पहाटे नदीकडे गेलो. वाळूत कणसांची बुरकुंडं जाळलेली होती. त्यांची काजळी कालवून पुरुष एकमेकांच्या अंगाला फासत होते. नुसत्या लंगोटीवरचे देह, केसांपासून तळव्यापर्यंत काळे, त्यावर पांढरे पट्टे. हातात लाकडी तलवारी. शेकडो माणसं. आठ-नऊ वर्षांची पोरंही, बापाच्या शेजारी उभी राहून पाठ रंगवून घेणारी.

यांना गावात हुदिओ म्हणतात, म्हणजे ज्यू. हे नाव मिशनरींच्या नाटकातून आलं. अठराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी येशूच्या वधाची कथा शिकवली, त्यात येशूला पकडणारे म्हणून हे पात्र आलं. खऱ्या ज्यूंशी इथल्या कुणाचा कधी संबंध आला नाही, आणि त्या जुन्या युरोपी द्वेषाचा मागमूस मला इथे दिसला नाही. दुसरं नाव मला अधिक खरं वाटलं, बोर्रादो. पुसले गेलेले. रंग लागला की माणसाचं नाव जातं. गुरुजींचा धाकटा भाऊ त्या घोळक्यात होता. मी हाक मारणार तेवढ्यात गुरुजींनी माझा दंड धरला. "आता तो माझा भाऊ नाही. शनिवारी होईल."

काळी माणसं ओळीने गावात शिरली आणि गाव त्यांचं झालं. दुकानं बंद, रेडिओ बंद. रस्त्याच्या तोंडांवर पहारे बसले. घोड्यावरच्या नायकाच्या इशाऱ्यावर रांगा पळत होत्या, वळत होत्या, एकदम थांबत होत्या. टाचांखाली जमीन दणदणत होती. उपास कडक. दिवसभर उन्हात धावणारे हे लोक किती कमी खातात-पितात ते बघून बायकोला राहवेना. तिने पाण्याची बाटली पुढे केली. समोरच्या पोराने नुसतं पाहिलं आणि पुढे निघून गेला.

दुपारी उन्हाने सगळं थंडावलं तेव्हा गुरुजी ओसरीत बसून मितोतेबद्दल बोलले. चर्चचा सण एकीकडे, आणि हा त्यांचा मूळचा सण दुसरीकडे, डोंगरातल्या आवारात. वर्षातून तीन. एक पावसाआधी सिकाडाचा, म्हणजे त्या किरकिरणाऱ्या किड्याचा, जो पावसाला बोलावतो. आपल्याकडे पावशा 'पेर्ते व्हा' सांगतो तसं. दुसरा कोवळ्या कणसांचा. तिसरा भाजलेल्या मक्याचा. रात्रभर आगीभोवती उलट्या फेऱ्यांनी नाच. गाणारा म्हातारा जमिनीवर बसतो, समोर उपडा भोपळा, त्यावर शिकारीचं धनुष्य टेकवलेलं, आणि दोन काड्यांनी तो धनुष्याची दोरी वाजवतो. ज्या हत्याराने जीव घ्यायचा त्याच हत्यारावर गाणं.

ती गाणी कशाची असतात, विचारलं. गुरुजींनी पहाटेच्या चांदणीची गोष्ट सांगितली. ती म्हणजे थोरला भाऊ, हात्सिकान. पश्चिमेच्या अंधारात पाण्याचा एक प्रचंड साप आहे, तो मोकळा सुटला तर जग बुडेल. पहाटेची चांदणी त्याला बाण मारते आणि आकाशाचा गरुड त्याला खातो. रोज. १९०६च्या सुमारास कोनराड प्रॉयस नावाचा जर्मन अभ्यासक इथे येऊन राहिला होता. त्याने ही गाणी लिहून घेतली आणि मेणाच्या नळ्यांवर ध्वनिमुद्रितही केली. त्या नळ्या बर्लिनमध्ये आहेत. "माझ्या पणजोबाच्या पिढीचा आवाज तिकडे," गुरुजी म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण मला ते फार लागलं. गावात आवाज टिपायला मनाई का, हे तेव्हा नीट कळलं.

शुक्रवार. रंग

आज काळ्यावर रंग चढले. लाल, पिवळे, हिरवे, निळे ठिपके आणि पट्टे. चेहऱ्यांवर कागदाच्या लगद्याचे मुखवटे आले, शिंगांचे, लांब कानांचे, जनावरांचे. शिमग्यातल्या सोंगांची आठवण कोकणातल्या कुणालाही येईल. मलाही आली, पण ती फार वेळ टिकली नाही. आपल्या सोंगाआडून ओळखीचा गडी डोळा मारतो. इथे मुखवट्याआडून कुणीच बघत नव्हतं.

येशू म्हणजे एक लहान मुलगा. असेल दहाएक वर्षांचा. तो पळतो आणि शेकडो रंगीत माणसं त्याच्या मागे. गल्ल्यांतून, दगडी उतारांवरून. सुटतो, पुन्हा सापडतो. घामाने डबडबलेलं ते पोर भिंतीला टेकून धापा टाकत होतं आणि त्याच्या बाजूला धावणारा मोठा माणूस त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. शेवटी त्याला पकडून चर्चकडे नेलं तेव्हा गर्दीत आवाज नव्हता, फक्त ती बासरी.

हा मुलगा कोण, असं मी गुरुजींना रात्री विचारलं. येशू तर आहेच, ते म्हणाले. मग मका, जो मरून जमिनीत जातो. आणि पहाटेची चांदणी. चर्चमध्ये काचेच्या पेटीत निजवलेली ख्रिस्ताची मूर्ती म्हणजे रात्री जमिनीखालून जाणारा सूर्य, आमचा बाप. काळी-रंगीत माणसं म्हणजे खालच्या, ओल्या, अंधाऱ्या जगाची ताकद. ती वाईट नाही. तिच्याशिवाय पाऊस नाही.

मी बराच वेळ झोपलो नाही. पाद्र्यांनी यांना एक गोष्ट शिकवली, जिच्यात यांच्या पूर्वजांचे देव सैतान ठरत होते. यांनी ती गोष्ट घेतली, एकही पात्र न वगळता, आणि तिच्यात आपला सूर्य नेऊन ठेवला. याला काही जण सरमिसळ म्हणतात. दोन दिवस बघितल्यावर मला तो शब्द पटत नाही. सरमिसळीत दोन्ही पातळ होतं. इथे काहीच पातळ झालेलं नाही.

शनिवार. नदी

सकाळी चर्चच्या बाजूने ओरडा झाला आणि रंगीत माणसं एकमेकांवर तुटून पडली. लाकडी तलवारींचा खणखणाट, धूळ. मनगटं, नडग्या फुटतात, ते खरंच लागतं. एकेक जण कोसळत होता. पडलेले गडगडत, खुरडत उताराने नदीकडे निघाले. काठावर मुखवटे फोडले गेले, पाण्यात टाकले गेले. मग ते सगळे नदीत.

रंग पाण्यात विरघळत खाली वाहून जात होता, आधी काळा, मग लालसर, मग नुसता गढूळ. एकजण डोकं वर काढून केस मागे सारत उभा राहिला. गुरुजींचा भाऊ. काठावर त्याची बायको धुतलेला सदरा घेऊन थांबली होती. तिने त्याला त्याच्या नावाने हाक मारली. तीन दिवसांत गावात मी ऐकलेलं ते पहिलं नाव.

त्या दिवशी सगळ्यांनी जेवण केलं. मक्याच्या गरम तोर्तिया, घेवडा, नदीतली मासळी. मासळीवर म्हातारीने फळीवरच्या पिशवीतलं मीठ चुरून टाकलं. बाकी फार काही घडलं नाही. लोक झोपले.

रविवार. मेसा देल नायार, आणि उतार

परतीच्या वाटेवर गुरुजी आमच्यासोबत मेसा देल नायारपर्यंत आले. चारी बाजूंनी दऱ्या असलेलं पठार. आपल्या मावळातला एखादा गड डोळ्यांपुढे आणावा आणि तो पाइनच्या रानात नेऊन ठेवावा. इथे गुरुजींनी गाडी थांबवायला सांगितली आणि मिठाचं कारण सांगितलं.

आझ्तेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली १५२१मध्ये. त्यानंतर दोनशे वर्षं हा डोंगर स्पॅनिशांच्या हाती आला नाही. इथल्या देवळात नायार राजाचं वाळवून जपलेलं शरीर आसनावर बसवलेलं असे. पण पठारावर मीठ पिकत नाही. नायेरी लोक किनाऱ्यावरून मीठ आणत आणि त्याचा व्यापार करत. स्पॅनिशांनी ती वाट आवळली. १७२१मध्ये इथला प्रमुख, तोनाती या पदवीचा, मेक्सिको शहरात व्हाइसरॉयला भेटायला गेला, मिठाची वाट मोकळी करा म्हणून. तिकडून अट आली, स्पेनच्या राजाला शरण या आणि बाप्तिस्मा घ्या. वाटेत परतताना तोनाती पाद्री आणि सैनिकांना सोडून डोंगरात निसटला. जानेवारी १७२२मध्ये हुआन फ्लोरेस दे सान पेद्रोचं सैन्य या कड्यांवरून चढलं आणि मेसा पडली. नायार राजाचं शरीर मेक्सिको शहरात नेलं, आणि १७२३मध्ये धर्मन्यायालयाने ते जाहीरपणे जाळलं. मेलेल्या माणसावर खटला आणि त्याला आगीची शिक्षा.

"आईला हे सगळं माहीत आहे?" बायकोने विचारलं.

"तारखा नाही माहीत," गुरुजी म्हणाले. "पण मीठ किनाऱ्यावरचंच पाहिजे, हे तिला तिच्या आजीने सांगितलंय."

आम्ही तिघं कड्यापाशी थोडा वेळ बसलो. वाऱ्याशिवाय काही नव्हतं. तिथून ते पायवाटेने एका नातेवाइकाकडे निघाले.

आम्ही सान पेद्रोला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. दुरांगोच्या डोंगरांत उगवलेली ही नदी समुद्राकडच्या तिवरांच्या दलदलीत जाते. पश्चिम सिएरा माद्रेतली धरणाने न अडवलेली शेवटची मोठी नदी ती हीच. वरच्या अंगाला लास क्रूसेस नावाचं धरण बांधायची योजना वीजमंडळाने आखली होती, २०१४मध्ये तिला पर्यावरणखात्याची मंजुरीही मिळाली. त्या जलाशयाच्या पट्ट्यात मुशातेना येते, नदीतली एक मोठी शिळा, जिथे नायेरी लोक वर्षानुवर्षं नवस-नैवेद्य घेऊन येतात. त्यांनी विरोध केला, खालच्या गावांतले मासेमार आणि शेतकरीही त्यांच्याबरोबर उभे राहिले. धरण झालेलं नाही. इथेच मला सगळ्यांत जास्त बोलावंसं वाटलं, कारण बुडालेली देवळं मी भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी लहानपणापासून ऐकत आलोय. पण ऐकायला तिथे बायकोशिवाय कोणी नव्हतं, आणि तिला सगळं ठाऊक होतं.

पाण्यात पाय सोडून बसलो होतो. पोरं दगडांखालची कोळंबी चाचपत होती. तेवढ्यात फोन वाजला. गुरुजी कुठल्या तरी उंचवट्यावर जाऊन रेंज शोधत उभे असणार.

"कुठवर आलात?"

मी यावेळी नीट विचार करून म्हटलं, "उताराने खाली आलो. नदीपाशी आहोत."

"नदीच्या अलीकडे की पलीकडे?"

मी बायकोकडे बघितलं. आम्ही कुठे होतो ते आता तो बोलणारा कुठे उभा आहे त्यावर ठरणार होतं.

"तुमच्या बाजूला," मी म्हटलं. "अजून ओलांडली नाही."